‘सगळ्यांकडे आहे’ला उत्तर

सहावी-सातवीतल्या मुलांच्या आईबापांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. “वर्गात सगळ्यांकडे आहे, फक्त मलाच नाही.” त्यावर आपली उत्तरंही ठरलेली असतात. ‘सगळ्यांनी विहिरीत उडी मारली तर तू मारशील का?’ हे पहिलं. ‘दहावीला नव्वद टक्के आण, मग बघू’ हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे काही न बोलता दिवाळीच्या सेलमध्ये आणलेला फोन. पहिल्या उत्तराने मूल गप्प होतं, पण त्याला पटलेलं नसतं. दुसऱ्याने फोन हे जगातलं सर्वांत मोठं बक्षीस ठरतं. तिसऱ्याने त्या संध्याकाळपुरती घरात शांतता होते, इतकंच.

मूल फारसं खोटं बोलत नसतं, ही खरी अडचण आहे. ‘असर’च्या 2024च्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्क्यांहून जास्त मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन हाती घेतलेले 57 टक्के होते आणि समाजमाध्यमांसाठी घेतलेले 76 टक्के. ‘अभ्यासाला लागतो हो’ असं म्हणून घेतलेल्या फोनचं पुढे काय होतं, ते या दोन आकड्यांत दिसतं.

म्हणून या लेखातला पहिला सल्ला मुलांविषयी नाहीच, शेजाऱ्यांविषयी आहे. मुलाला स्मार्टफोनविना वाढवायचं काम एकट्या घराने करायला घेतलं तर ते घर विक्षिप्त ठरतं, मूल एकटं पडतं आणि वर्षभरात आईबाप हात टेकतात. तेच चार-सहा घरांनी मिळून केलं तर ‘सगळ्यांकडे आहे’ हे वाक्यच निदान त्या गल्लीपुरतं खोटं पडतं.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे ऑगस्ट 2022पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की ज्याला हवं त्याने सुरू करावं. करोनाच्या काळात शाळा फोनवर भरली, नंतर शाळेचे वर्ग उघडले तरी मुलांच्या हातचा फोन सुटेना, तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली. पुरुषांनी आधी ती हसण्यावारी नेली. मग बायकांना एकत्र बोलावलं. आमचंही मालिकांपायी आणि मोबाइलपायी फार होतंय, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं आणि बंद करायचं तर अख्ख्या गावाने करू या, असं ठरलं. पहिले काही दिवस दारोदार जाऊन आठवण करून द्यावी लागली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने वेगळा ठराव केला : अठरा वर्षांखालच्या मुलांच्या हाती मोबाइल नको. हेतू चांगलाच होता. पण दोन्हींतून निवडायचं झालं तर मी वडगावच्या बाजूने उभा राहीन. कारण वडगावचा भोंगा आजोबांनाही लागू आहे, सरपंचांनाही आणि क्रिकेटचा सामना बघत बसलेल्या काकांनाही. मोठ्यांना मोकळीक आणि लहानांना बंदी, असा नियम कोणत्याही घरात फार दिवस टिकत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बापाच्या एका हातात फोन आणि तोंडी ‘फोन ठेव तो!’ हे दृश्य मुलं रोज पाहतात आणि त्यातून घ्यायचा तो धडा बरोबर घेतात.

शहरातल्या घरांत भोंगा कुठून आणायचा, असं कोणी विचारेल. भोंगा लागत नाही. दाराजवळच्या कपाटावर एक टोपली ठेवा. संध्याकाळी घरात शिरणाऱ्या प्रत्येकाचा फोन तिच्यात. आवाज मोठा ठेवा, म्हणजे महत्त्वाचा फोन चुकणार नाही. बोलायचं ते तिथेच उभं राहून बोला, पूर्वी लँडलाइनवर बोलायचो तसं, आणि फोन पुन्हा टोपलीत. जेवणं होईपर्यंत एवढंच. ऑफिसचं काम घरी येतं त्यांनी ते लॅपटॉपवर, टेबलाशी बसून करावं. बाबा काम करताहेत की रील बघताहेत, हे मुलाला लांबून कळलं पाहिजे. फोनवर दोन्ही सारखंच दिसतं.

हे मोठ्यांनाही जड जातं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फोनमधल्या गोष्टी सुटू नयेत अशाच बनवलेल्या आहेत. पान कधी संपूच नये, बोट सरकवत राहिलं की खालून नवं येतच राहावं, ही युक्ती 2006 साली अझा रास्किन नावाच्या अमेरिकी तरुणाने तयार केली. पुढे आपल्याला तिचा पश्चात्ताप होतो, असं त्यानेच जाहीरपणे सांगितलं. पुस्तकाला प्रकरण असतं, मालिकेचा भाग संपतो. रीलला ‘आता पुरे’ म्हणणारी जागाच ठेवलेली नाही. शिवाय पुढचं रील भारी निघेल की भिकार, हे माहीत नसतं आणि त्या अनिश्चिततेनेच बोट थांबत नाही. पत्त्यांच्या अड्ड्यावर बसलेला माणूस पहाटेपर्यंत का उठत नाही, त्याचं कारणही हेच. आपण जितका वेळ बघतो तितक्या जाहिराती दिसतात आणि त्यावर कंपन्यांचं उत्पन्न चालतं. चाळिशीच्या माणसाचा निग्रह जिथे पुरत नाही तिथे अकरा वर्षांच्या पोराकडून ‘स्वतःवर ताबा ठेव’ ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

आता घरं कशी जुळवायची ते सांगतो. अख्ख्या वर्गाच्या मागे लागू नका. शंभर जणांच्या पालक-ग्रुपवर हा विषय काढला की दोनशे सुविचार येतात आणि पुढे काही होत नाही. तुमचं मूल ज्यांच्यात खेळतं-भांडतं अशी चार-पाच मुलं हेरा आणि त्यांच्या आईबापांना चहाला बोलवा. ‘आठवी संपेपर्यंत स्मार्टफोन नाही’ एवढी एकच गोष्ट ठरवा. अमेरिकेत 2017पासून पालकांची एक चळवळ नेमकं हेच करते. एका इयत्तेतल्या दहा घरांनी सही केली की मगच वचन लागू होतं, म्हणजे सुरुवातीला कोणी एकटं पडत नाही. आयर्लंडमध्ये ग्रेस्टोन्स गावातल्या आठ प्राथमिक शाळांच्या पालकसंघांनी 2023मध्ये मिळून ठरवलं, प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलांना स्मार्टफोन द्यायचा नाही. दोन्हींकडे कायद्याचं बळ नव्हतं, फक्त शब्द होता. आपल्याकडे भिशी याच विश्वासावर चालते की.

या चहाच्या बैठकीत एक अडचण नक्की निघेल : “शाळाच व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवते, मग काय करायचं?” तक्रार रास्त आहे. मुख्याध्यापकांना एकट्याने भेटू नका, पाच जण मिळून जा. मागणी छोटी ठेवा : गृहपाठ वर्गातच फळ्यावर लिहून द्यावा, मुलांनी वहीत उतरवून घ्यावा. शाळेला ते जमेपर्यंत पालकाने फोनवरचा मजकूर कागदावर उतरवून द्यावा आणि फोन बाजूला ठेवावा. पाच मिनिटं जातात. मुलाच्या हाती फोन दिला तर गृहपाठाच्या शोधात पाऊण तास जातो. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात, हवी ती पानं छापून आणता येतात. प्रकल्पासाठी इंटरनेट लागलंच तर बैठकीच्या खोलीत, येता-जाता पडदा दिसेल अशा जागी ठेवलेल्या संगणकावर. दार लावून घेतलेल्या खोलीत नाही.

दुसरी अडचण क्लासच्या जाण्या-येण्याची. मुलगी एकटी सायकलने जाते, पोहोचली की नाही ते कळायला नको? जरूर कळावं. त्यासाठी दीड-दोन हजारांत बटणांचा साधा फोन येतो. घेताना एकच खबरदारी घ्या, हल्लीच्या काही साध्या फोनमध्येही यूट्यूब असतं. दुकानदाराला नुसतं ‘साधा द्या’ म्हणू नका, तो सुरू करून बघा.

वयाप्रमाणे थोडं वेगवेगळं सांगायला हवं. दोन वर्षांखाली पडदा नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. परगावच्या आजीशी व्हिडिओ कॉल, एवढाच अपवाद. दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहापर्यंत दोन तासांच्या आत. आणि यात टीव्हीही धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019चा सल्लाही लहान वयासाठी जवळपास असाच आहे.

पण सगळ्यात अवघड जागा ताटाशी आहे. डायनिंग टेबलावर पाण्याच्या तांब्याला फोन टेकवलेला, त्यात रंगीत बस गोल गोल फिरते आहे आणि अडीच वर्षांचं पोर तोंड उघडून बसलंय. आई एकेक घास भरवते. मऊ भात-वरण, वर तुपाची धार. घास तोंडात गेला तरी ते चावत नाही, गालात धरून ठेवतं. आईने बोट लावलं की गिळतं. गाणं संपून जाहिरात लागली की रडतं, आणि आईचा खरकटा हात भांडं सोडून फोनकडे जातो. या जेवणात मुलाने वरण कसं लागतं ते पाहिलेलं नाही, पोट भरलं हे त्याला कळलेलं नाही आणि आईचा चेहराही त्याने पाहिलेला नाही. वाटी मात्र रिकामी झाली.

ही सवय मोडायची तर आधी घरातल्या मोठ्यांचं, विशेषतः आजी-आजोबांचं, एकमत करून घ्या. ‘अहो आई, चार दिवस तो कमी जेवला तर चालेल, आपण कोणीच फोन द्यायचा नाही’ हे सुनेपेक्षा मुलाने आपल्या आईला सांगितलेलं बरं. डॉक्टरांकडून वजन बघून घ्या, म्हणजे आजीचा जीवही थाऱ्यावर राहतो. मग दिवसातलं एकच जेवण निवडा, शक्यतो सगळे एकत्र बसतात ते. मुलापुढे त्याची छोटी ताटली, त्यात दोन-तीन गोष्टी थोड्या-थोड्या. हाताने खाऊ द्या, सांडू द्या. अर्ध्या तासाने ताटली उचला. रागावू नका, आणि पुढच्या जेवणापर्यंत मध्ये बिस्किटं देऊ नका. पहिले काही दिवस घर डोक्यावर घेतलं जाईल. हे एक जेवण रुळलं की मग दुसरं. ज्या घरात दोघंही नोकरीला आणि मूल दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींकडे, तिथे मावशींनाही नुसता हुकूम न देता हे समजावून सांगावं. पोर रडलं तर तुम्हाला बोल लागणार नाही, हे आधी कबूल करावं. फोन लावून देण्यामागे पुष्कळदा तीच भीती असते.

मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचा फोन काढून घेतला की हात रिकामे होतात आणि ‘कंटाळा आला’ हा जप सुरू होतो. तो ऐकवत नाही म्हणून लगेच चित्रकलेचा क्लास लावू नका. कंटाळलेलं मूल थोडा वेळ भिंतीला टेकून बसतं, मग कपाटं उचकतं, मग काहीतरी काढतं. काढायला घरात काहीतरी असावं, एवढीच आपली जबाबदारी. हातोडी-खिळे, जुना रेडिओ, पत्ते, कॅरम, ‘किशोर’चे अंक. 1971पासून निघणारं हे मासिक आजही स्वस्तात मिळतं. आणि घरचं काम. दळण आणणं, वाटाणे सोलणं, भाकरी थापणं, सायकलचं पंक्चर काढणं. सातवीतल्या मुलाला कुकर लावता येऊ नये आणि रील एडिट करता यावं, याचं आपल्याला कौतुक वाटतं. तेही तपासून बघायला हवं.

मुलं मैदानावर जात नाहीत म्हणतो तेव्हा मैदान कुठे आहे, हेही विचारू या. कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाटी असते, ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.’ चेंडू गाडीला लागतो, दुपारी झोपमोड होते. म्हणजे मुलांना खाली उतरायला बंदी आणि वर गेल्यावर फोनवरून बोलणी. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते. रंगकाम आणि लिफ्टच्या विषयांबरोबर तिथे हाही विषय लेखी द्या : रोज साडेपाच ते साडेसात एका बाजूच्या गाड्या हलवायच्या आणि ती जागा मुलांची. मऊ चेंडूची अट घाला. काच फुटली तर पैसे कोणी द्यायचे, तेही त्याच सभेत ठरवा, म्हणजे पहिल्या काचेबरोबर ठराव फुटणार नाही. लगोरीला सात फरश्यांचे तुकडे लागतात, डबा ऐसपैसला एक डबा. आट्यापाट्यांना खडूच्या रेघा पुरतात. शिकवायला आजोबा मंडळी उत्सुक असतात, त्यांना नुसतं विचारायची खोटी. रोज उजेडात, मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याचा धोका कमी असतो, हा वरचा फायदा.

फोनपायी होणारं नुकसान आपण डोळे, मान आणि मार्क यांतच मोजतो. माणसामाणसांतलं नुकसान मोजायला सवडच होत नाही. पाहुणे आले तर मूल आतल्या खोलीत. बाहेर आलंच तर मान खाली. लग्नात मामेभावंडं एका सोफ्यावर ओळीने बसलेली, प्रत्येकाचा फोन वेगळा. भावंडांत भांडून पुन्हा बोलायला लागणं, अनोळखी काकूंशी दोन वाक्यं बोलणं, दुकानदाराकडून सुटे पैसे मोजून घेणं, समोरच्याचा चेहरा बघून आपण जास्त बोललो हे ओळखणं, या गोष्टी कोणी मुद्दाम शिकवत नाही. त्या वावरताना अंगवळणी पडतात, आणि वावरच कमी झाला की राहून जातात. मग कॉलेजात गेलेला मुलगा हॉटेलात वेटरला हाक मारायला बिचकतो आणि आपण म्हणतो, स्वभावच लाजाळू आहे.

ज्या घरात फोन आधीच दिला गेलाय त्यांनी काय करावं? हिसकावून घेऊ नका, भिंतीवर आपटू नका. एका रात्रीत सगळं तोडलं की काही मुलं टोकाला जातात, अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. सुरुवात रात्रीपासून करा. फोन झोपायच्या खोलीत न्यायचा नाही. चार्जर स्वयंपाकघरात, सगळ्यांचे. ‘गजर लावायला लागतो’ ही सबब मिटवायला गजराचं घड्याळ आणा. झोप सुधारली की चिडचिड बरीच उतरते आणि पुढचं बोलणं शक्य होतं. मग एकेक ॲप काढा, मुलाला सोबत बसवून. कोणतं सगळ्यात जास्त वेळ खातं, ते फोनच्या सेटिंगमध्ये दिसतं. तोंडी आरोप करण्यापेक्षा तो आकडा दोघांनी मिळून बघा, आणि त्याच बैठकीत स्वतःचाही दाखवा.

कधीकधी प्रकरण घरगुती उपायांच्या पलीकडे गेलेलं असतं. शाळा बुडते आहे, अंघोळ-जेवण टळतंय, घरातून पैसे जाताहेत, फोन काढला की मूल अंगावर धावून येतं, आणि हे महिनोन्‌महिने चाललंय, तर त्याला लाड किंवा आळस म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचं व्यसन 2022पासून अधिकृतपणे आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा रुग्णांसाठी 2014पासून स्वतंत्र क्लिनिक चालतं. इतक्या लांब जाण्याआधी सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक लावा; तो विनामूल्य आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930वर लगेच कळवा. कोणी मुलाला फोटोंवरून धमकावत असेल तर त्याची पहिली भीती ‘घरी कळलं तर?’ हीच असते. म्हणून ‘काहीही झालं तरी आधी मला सांग, मी ओरडणार नाही’ हे वाक्य काही घडायच्या आधी, साध्या दिवशी म्हणून ठेवावं. आणि मग खरंच ओरडू नये. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही आहेच.

कायदाही हळूहळू सरकतो आहे. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली आणि दंडाची जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली, हे मला विशेष आवडलं. आपल्याकडे इन्स्टाग्रामला तेरा वर्षांची अट आहे, पण दहा वर्षांच्या मुलाचं जन्मसाल तीन वर्षं मागे नेणारं बोट कित्येक घरांत आईचं किंवा बाबांचंच असतं. निदान ते थांबवायला कोणत्याही कायद्याची वाट बघायला नको.

आणि शेवटी फोन द्यायची वेळ येईलच. अकरावी-बारावीला, कॉलेजच्या प्रवासाला. तो वाढदिवसाची भेट म्हणून, रिबीन बांधून देऊ नका. घरातलाच जुना, आपण वापरलेला द्या आणि सिमकार्ड आपल्या नावावर ठेवा. पहिले सहा महिने मोजका डेटा असलेला पॅक घाला, आणि ॲप टाकायचा पासवर्ड आपल्याकडे असू द्या. रात्री दहाला त्याची जागा स्वयंपाकघरातल्या चार्जरपाशी, तुमच्या फोनशेजारी. सहा महिन्यांनी पुन्हा एकत्र बसून काय सैल करायचं आणि काय आवळायचं ते ठरवा. त्या बैठकीला मुलाला तुमच्या फोनबद्दलही दोन तक्रारी मांडू द्या.